शिलाहारांची राजधानी पुरी नेमकी कुठे होती?

वेलाकूल

शिलाहारांवर इथे अधूनमधून धागे निघतात. अंबरनाथच्या देवळाचे फोटो येतात, गधेगाळींवर (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळांवर) चर्चा रंगते. राजधानीचा विषय निघाला की मात्र सगळे ‘ठाणे’ म्हणून मोकळे होतात. ठाणे होतंच, पण नंतर. त्याआधी राजधानी होती पुरी, आणि हे गाव आज कुठे आहे ते कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

उत्तर कोकणच्या शिलाहारांनी साधारण इ.स. ८०० ते १२६५ एवढा काळ राज्य केलं. आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक, मग जवळजवळ स्वतंत्र. त्यांच्या ताम्रपटांत राज्याचं वर्णन ठरलेल्या शब्दांत येतं: पुरी जिच्यात प्रमुख आहे अशी चौदाशे गावांची कोकणभूमी. कान्हेरीच्या ८४३ च्या शिलालेखात पुल्लशक्तीचा उल्लेखही पुरी आदी कोकणाचा स्वामी असाच आहे.

नाव त्याहूनही जुनं. ऐहोळेच्या मेगुती देवळावर ६३४ सालची, रविकीर्ती या कवीने रचलेली प्रशस्ती आहे. त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना हरवून पुरीवर आरमार नेलं असं म्हटलंय. ‘अपरजलधेर्लक्ष्मीं’, म्हणजे पश्चिम समुद्राची लक्ष्मी, अशी ही नगरी. मत्त हत्तींच्या कळपांसारख्या शेकडो नौका तिच्यावर चालून गेल्या तेव्हा ढगांनी भरलेलं आकाश समुद्रासारखं दिसू लागलं आणि समुद्र आकाशासारखा. रविकीर्ती स्वतःची तुलना कालिदास-भारवीशी करणारा गडी, त्यामुळे ‘शेकडो’ला थोडी सूट द्यावी लागेल. पण पुरीवर समुद्रातून हल्ला झाला एवढं त्यातून नक्की निघतं.

आजवर पुढे आलेल्या जागा अशा: घारापुरी, मुरुड-जंजिऱ्यासमोरची राजपुरी, खुद्द ठाणे, सोपारा, आणि उरणजवळचं मोरा. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र संपादित करताना राजपुरीच्या बाजूने कौल दिला. घारापुरी राजधानीसाठी फारच लहान आणि पावसाळ्यात तुटलेली, हा त्यांचा मुख्य आक्षेप. तेव्हापासून बहुतेक पुस्तकांत ‘पुरी (राजपुरी)’ असं कंसात छापून येतं आणि प्रश्न सुटला असं वाटतं.

माझं म्हणणं असं की ही सगळी भांडणं ताम्रपट आणि नावाचं साम्य यांच्यावर चालली आहेत. कुदळ कुणी मारलेली नाही. राजधानी म्हणून शोध घ्यायचा या हेतूने राजपुरीत व्यवस्थित उत्खनन झाल्याचं माझ्या वाचनात नाही. कुणाच्या असेल तर लिहा. बाकीच्यांचंही मत वाचायला आवडेल.

टिंबटिंब

ओडिशातली पुरी नाही ना? पुलकेशी कलिंगातही गेला होता म्हणे. (हलकंच घ्या.)

वेलाकूल

@टिंबटिंब, पश्चिम समुद्र म्हटलंय हो. तेवढं रविकीर्तीला कळत होतं.

तात्या ठाणेकर

लेख छान. पण मला ‘पुरी म्हणजे ठाणेच’ हे मत इतक्या सहज सोडवत नाही. कोपिनेश्वर, मासुंदा तलाव, इतकी तळी, ठिकठिकाणी निघालेल्या मूर्ती. राजधानीचा थाट दुसरीकडे कुठे आहे? अल्बिरुनीनेही कोकणची राजधानी ‘ताना’ असं स्वच्छ लिहिलंय.

अक्षरधूळ

तात्या, अल्बिरुनी लिहितोय १०३० च्या सुमारास. त्याचं बरोबरच आहे, तेव्हा ठाणे राजधानी होतं. पण पुरी वेगळी होती याचा पुरावा तुमच्याच गावात निघालाय. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे तुरुंग आहे तिथे, बांधकामासाठी खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट मिळाला, शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७ चा. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापून आलं. त्यात राजा दानाची वर्दी देताना श्रीस्थानक (म्हणजे ठाणे), पुरी आणि हंयमननगर इथल्या लोकांना वेगवेगळं संबोधतो. एकाच गावाला एका दमात दोन नावांनी कुणी हाक मारत नाही.

शूर्पारकाचंही तेच. ते नाव शिलाहारांच्या लेखांत स्वतंत्रपणे येतं, त्यामुळे सोपाराही बाद. राहिली घारापुरी, राजपुरी आणि मोरा.

तात्या ठाणेकर

मान्य. पण मूर्तींचं काय?

अक्षरधूळ

मूर्ती नंतरच्या वैभवाच्या. राजा ठाण्यात राहायला आल्यावर देवळं होणारच. छित्तराज, नागार्जुन, मुम्मुणी या तिघा शिलाहार भावांच्या दरबारी राहिलेला सोड्ढल कवीही ठाण्यालाच कोकणची राजधानी म्हणतो. अकराव्या शतकात ठाणे, यात वाद नाही. वाद आठव्या-नवव्या शतकाचा आहे.

खारफुटी

घारापुरीला लोक फार लवकर निकालात काढतात. माझे मुद्दे:

लेणी सहाव्या शतकातली, बहुधा कलचुरींच्या वेळची. कलचुरी कृष्णराजाची नाणी बेटावर मिळाली आहेत. एवढं मोठं शैव लेणं ओसाड बेटावर कुणी कोरत नाही, त्याला पोसणारी वस्ती आणि सत्ता जवळ लागते. बेटावरच्याच मोराबंदरच्या बाजूला विटांचा स्तूप आहे, त्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत. म्हणजे हे बेट शिलाहारांच्या कितीतरी आधीपासून समुद्री व्यापारात होतं. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्ती राजबंदरच्या बाजूला उभा होता. १८६४ मध्ये तो हलवला, आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे. राजबंदर हे नाव उगाच पडलं का?

राहता राहिला आकार. राजधानी म्हणजे पाटणा किंवा दौलताबाद असं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर घारापुरी लहानच वाटणार. कोकणातल्या सामंताची गादी बेटावर आणि बाजारपेठ समोरच्या किनाऱ्यावर, असं का नसेल? उरणचं मोरा समोरच आहे. पुलकेशीला शेकडो नावा लागल्या, त्या बेटाला वेढा घालायलाच ना?

मुरुडकर

आमच्या राजपुरीची बाजू कुणी मांडणार नाही असं दिसतंय, म्हणून लिहितो.

जंजिऱ्याला होडी पकडायला जे येतात ते राजपुरी गाव बघतच नाहीत. धक्क्यावर उतरतात, किल्ल्यात जातात, परत येऊन गाडीत बसतात. खाडी मात्र बघण्यासारखी आहे. तोंडाशी एका अंगाला आम्ही, समोर दिघी, आत गेलं की खाडीच्या काठावरच कुडा लेणी आणि आणखी आत मांदाड. कुडा लेण्यांत मांदवच्या महाभोजांचे लेख आहेत, म्हणजे सातवाहन काळापासून या खाडीवर सत्ताधारी घराणं होतं. मांदाड हे ग्रीकांच्या लिखाणातलं मंदागोरा बंदर असं बरेच अभ्यासक मानतात. बारमाही खोल पाणी, वाऱ्यापासून आडोसा, आत जायला लांबच लांब जलमार्ग. बंदर म्हणून आणखी काय हवं? सिद्दीला ही जागा सुचली ती उगाच नाही.

ओहोटीला काठ उघडा पडतो तेव्हा गाळात खापरं दिसतात हे खरं, पण ती कुठल्या काळची ते सांगायला मी कोण? आमच्याकडे माडाला आळं करताना सुद्धा खापर निघतं. सिद्दीच्या काळचं असेल, आजोबांच्या काळचं असेल. कुणी जाणकाराने येऊन वर्गवारी लावायला हवी. आजोबा म्हणायचे गावाखाली गाव आहे. ते सगळ्याच गावांत म्हणतात म्हणा.

चिंबोरी

मुरुडकर दादा, राजपुरी म्हणजे ते गंगेचं राजापूर का?

मुरुडकर

नाही हो ताई. ते राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात. आमची राजपुरी रायगडात, मुरुडपासून अगदी जवळ. जुन्या कागदांत दंडाराजपुरी म्हणतात ती.

अक्षरधूळ

मुरुडकरांच्या बाजूने एक भर. अपराजित राजाचे शके ९१५ चे, म्हणजे ९९३ चे ताम्रपट ‘जंजिरा ताम्रपट’ म्हणून ओळखले जातात. राजपुरी म्हणणारे त्यांचा हवाला देतात. पण ताम्रपट हा दान घेणाऱ्याच्या घरातला कागद असतो. तो त्याच्या वंशजांबरोबर फिरतो, विकला जातो, मोडीतही जातो. सापडल्या जागेवरून राजधानी ठरवायची तर अनंतदेवाचा ताम्रपट खारेपाटणात मिळाला म्हणून उत्तर शिलाहारांना सिंधुदुर्गात न्यावं लागेल.

शिळांचं तसं नसतं, त्या सहसा जागच्या जागी राहतात. राजपुरी खाडीच्या उत्तरेला अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख, ज्याच्या वर्षावरून अजून भांडणं चालू आहेत. दक्षिणेला दिवेआगर, तिथला शके ९८२ चा मराठी ताम्रपट (हा मात्र शिळा नव्हे, त्यामुळे जरा सावधपणे). म्हणजे हा टापू शिलाहारांच्या चांगला राबत्यातला होता. राजधानीचा होता का, हा निराळा प्रश्न.

चिंबोरी

मग खणत का नाही कोणी? एवढे विद्वान भांडतायत, दोन खड्डे मारले तर निकाल लागेल ना? देशावर तर सारखी उत्खननं चालू असतात.

वेलाकूल

चिंबोरी, हाच खरा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, खणणं हा कुणाच्या हौसेचा मामला नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, तोही मान्यताप्राप्त संस्थेलाच मिळतो. डेक्कन कॉलेज, विद्यापीठं, राज्याचा पुरातत्त्व विभाग, असे मोजकेच. आपल्यापैकी कुणाला काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. खापरं खिशात घालून आणू नका, जागेवरून हलली की त्यांची निम्मी साक्ष गेली.

दुसरी गोष्ट, कोकणची जमीन. देशावर जुन्या वस्तीची पांढर असते. मातीच्या भिंती पडत राहतात, त्यावर नवी घरं उठतात, हजार वर्षांत टेकाड तयार होतं. शेतातून चालत गेलात तरी पायाखालची माती बदललेली कळते. कोकणात घरं लाकडाची आणि झापाची, पाया जांभ्याचा. घर पडलं की चिरे उचलून दुसरीकडे लागतात, लाकूड वाळवी आणि पाऊस खातो, झापांचं खत होतं. टेकाड उभंच राहत नाही. त्यात आंबट तांबडी माती, हाडं फार टिकत नाहीत. वर माडा-पोफळीच्या वाड्या, खाली विहिरी, आणि गाव अजून नांदतंय. कुणाच्या परसात चर घालणार? पुन्हा खाडीच्या बाजूने हजार वर्षांचा गाळ. तेव्हाचा धक्का आजच्या काठाजवळ असेलच असं नाही, तो चांगला आत, भातशेतीखाली असू शकतो.

तरीही हे अशक्य नाही. संजाणचं उदाहरण घ्या. आता ते गुजरातेत, पण तेव्हा कोकणच्या याच पट्ट्यातलं. चिंचणीच्या ताम्रपटांत ‘संयान’ येतं, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या वेळी, ९२६ साली, तिथला कारभार मधुमती नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती म्हणजे महंमद. २००२ ते २००४ मध्ये तिथे उत्खनन झालं, एस. पी. गुप्ता, कुरुश दलाल, रुक्षाना नानजी ही मंडळी होती. आठव्या ते तेराव्या शतकातलं बंदर हाती लागलं: पश्चिम आशियातून आलेली निळसर-हिरव्या झिलईची खापरं, चिनी भांड्यांचे तुकडे, काच, आणि पारशांचा जुना दोखमा (मृतदेह ठेवायची जागा).

आपल्याला नेमकी हीच मोजपट्टी मिळाली आहे. शिलाहारकालीन बंदर जमिनीत कसं दिसतं ते आता माहीत आहे. ती झिलई एकदा हातात घेतलेला माणूस गावठी खापरांच्या ढिगातून तुकडा लगेच वेगळा काढतो. बाहेरून जाड फिरोजा रंग, मोडलेल्या कडेला आतली पिवळट, भुसभुशीत माती. आपल्या कुंभाराच्या तांबड्या-काळ्या भांड्यांशी तिचं काही नातं नाही. पुरी खरोखर पश्चिम समुद्राची लक्ष्मी असेल तर तिथे हा माल सांडलेला असणारच, आणि सातव्या ते दहाव्या शतकाच्या थरात भरपूर असणार. राजवाडा मिळण्याची वाटच बघू नका. खापरं मोजा.

साष्टीत सूरज पंडित, कुरुश दलाल वगैरेंनी मुंबई महानगराच्या पोटात गावोगाव फिरून मूर्ती, गधेगाळी, तळी, देवळांचे अवशेष नोंदवले. चौलला डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटेंनी उत्खनन केलं. म्हणजे दोन्ही बाजूंना काम झालंय. मधला राजपुरीचा तुकडा आणि घारापुरीचा लेण्याबाहेरचा भाग याच नजरेने बघायचा राहिलाय.

खारफुटी

+१. पण घारापुरीत आणखी एक अडचण. आजूबाजूच्या समुद्राच्या तळाशी काही असेलच तर न्हावाशेवा बंदरासाठी आणि मुंबई बंदराच्या वाटेसाठी जे गाळउपसे होत आलेत त्यांत त्याचं काय झालं असेल देव जाणे.

पणजीकर

आमच्या गोंयचं उदाहरण देतो. चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर. कुशावती नदीच्या काठी, आधी भोजांची आणि मग गोव्याच्या कदंबांची राजधानी. सेंट झेवियर्सचे फादर हेरास यांनी १९२९ च्या सुमारास तिथे खोदकाम केलं आणि विटांच्या देवळाचा पाया उघडा पडला. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तिथे काम केलं. डोकं उडालेला नंदी अजून तिथेच बसलेला आहे. अकराव्या शतकात कदंब राजधानी गोपकपट्टणला घेऊन गेले, जुवारीच्या काठी. कारण उघड आहे, समुद्री व्यापार वाढला, मोठ्या जहाजांना नदीत आतवर जाणं परवडेना.

पुरीचंही असंच नसेल? राजधानी हरवली म्हणजे बुडाली किंवा जळाली असं नव्हे, व्यापार सरकला आणि राजा त्याच्या मागून गेला.

अक्षरधूळ

पणजीकर, पटतंय. आणखी एक हरवलेली राजधानी यादीत घाला: दक्षिण कोकणच्या शिलाहारांचं बलिपट्टण. तेही खारेपाटण असावं, असा नुसता अंदाज आहे.

तात्या ठाणेकर

अवांतर: बोरिवलीच्या एक्सरच्या वीरगळांचा इथे संबंध येतो का? त्यात नौकायुद्ध आहे ना?

वेलाकूल

येतो, पण शेवटाकडचा. एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका एकमेकींवर चालून जाताना दिसतात, एका शिळेवर हत्तींची लढाई आहे. यादव महादेवाने शेवटचा शिलाहार सोमेश्वर याला हरवलं त्या युद्धाशी त्यांचा संबंध अनेकजण जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री, त्याची प्रशस्ती म्हणते की महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवाग्नी परवडला. जिंकणाऱ्याचा कवी आहे, असंच म्हणणार. वीरगळांवर नाव नाही, त्यामुळे मी तरी खात्रीने जोडणार नाही. पुरीच्या जागेबद्दल त्यातून काही कळत नाही, तोवर ती मागे पडून दोन-अडीचशे वर्षं झाली असावीत.

मुरुडकर

मागे पडली हे कशावरून? ताम्रपटांत तर शेवटपर्यंत ‘पुरीप्रमुख’ म्हणतात असं तुम्हीच लिहिलंत.

वेलाकूल

ताम्रपटांतली बिरुदं लवकर बदलत नाहीत. लेखक मागच्या मसुद्यावरून पुढचा उतरवतो. तहसील कचेरीत कधी अर्ज दिला असेल तर ही सवय अजून शाबूत आहे हे कळेल. म्हणून बिरुद सोडून कामाचा मजकूर बघायचा. अनंतदेवाचा शके १०१६ चा, म्हणजे १०९४ चा खारेपाटणचा ताम्रपट हा बंदरांच्या जकातीचा कागद आहे. भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम यांच्या जहाजांना जकात माफ. कुठल्या बंदरांत? स्थानक (ठाणे), नागपूर, शूर्पारक (सोपारा), चेमुली (चौल), ‘आदी’. (हे नागपूर कोकणातलं, विदर्भातलं नव्हे, आधीच सांगून ठेवतो.) पैशाचा मामला आला तिथे पुरीचं नाव नाही.

अरबांचंही तसंच. सिंदान (संजाण), सुबारा (सोपारा), ताना, सैमूर ही नावं त्यांच्या लिखाणात पुन्हापुन्हा येतात. अरब प्रवासी मसूदी ९१५-१६ मध्ये सैमूरला, म्हणजे चौलला येऊन गेला. तिथला राजा झंझ आणि तिथली हजारो मुसलमानांची वस्ती त्याने नोंदवली. झंझ शिलाहारच. पुरीला जायचं त्याला कारण पडलेलं दिसत नाही.

अक्षरधूळ

‘आदी’वर एवढा भार टाकू नका. भाभणची जहाजं पुरीला लागतच नसतील, म्हणून नाव नसेल. आणि १०१७ च्या ताम्रपटात पुरीच्या नागरिकांना स्वतंत्र हाक आहे, म्हणजे तेव्हा तिथे हाक ऐकायला माणसं होती. शिवाय तुमचा तर्क धरला तर तो घारापुरी आणि राजपुरी दोघींना सारखाच लागतो, निवड कुठे झाली?

खारफुटी

निवड मी करतो: घारापुरी.

मुरुडकर

राजपुरी. होडीचे पैसे मी देतो, या बघायला.

वेलाकूल

@अक्षरधूळ, संबोधनाचा मुद्दा तसा वजनदार आहे, पण तीही यादी जुन्या मसुद्यातून आली नसेल असं कशावरून? निवडीबद्दल मात्र मला वाटतं आपण दोन पुऱ्या एकत्र करतोय. मौर्यांची सातव्या शतकातली पुरी आणि शिलाहारांची नवव्या शतकातली पुरी एकच, हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. पुलकेशीने जिंकल्यावर गादी हलली आणि नाव नव्या जागी गेलं, हेही शक्य आहे. पहिल्या पुरीसाठी मला घारापुरीचा दावा जड वाटतो. सहाव्या शतकातलं लेणं, नाणी, त्याआधीचं बंदर, सगळं त्या काळाशी जुळतं. दुसरीसाठी राजपुरीला संधी आहे, पण तिथे आठव्या-नवव्या शतकाचं एकही खापर अजून कुणी मांडून दाखवलेलं नाही.

@मुरुडकर, होडी नको, चालत फिरू. पावसाळ्यानंतर, वाड्यांची बेणणी झाली की माती उघडी असते तेव्हा. खाडीच्या काठावर जुने बांध आणि भरून आलेली शेतं कुठे आहेत, कुठल्या शेताला अजून बंदर किंवा धक्का असं काही नाव आहे, एवढं जुन्या सातबाऱ्यांतून आधी काढून ठेवता येईल का? अक्षरधूळ येणार असतील तर उत्तमच.

अक्षरधूळ

येतो. आदल्या दिवशी मांदाडला उतरू, तिकडून कुडा करून राजपुरीला.

मुरुडकर

सातबारे बघतो. तलाठी मामाचाच मुलगा आहे, पण नुकताच भांडून बसलाय, थोडा वेळ द्या.